चारशे मीटर आत बांधलेली बार्ज झुआरीत उतरवायची असेल तर

प्रश्न असा आहे: लोटलीच्या बाजूला झुआरीच्या काठापासून सुमारे चारशे मीटर आत जागा मिळते आहे. तिथे शेड घालून ७० मीटर लांबीची, साधारण ८०० टन पोलादी वजनाची बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) पूर्ण बांधायची आणि मग बहुचाकी ट्रेलरवरून नदीत न्यायची. हे जमेल का, ओढायला किती ताकद लागेल आणि कोणती यंत्रं भाड्यानं घ्यावीत?

जमेल. पण तुम्ही ताकद विचारलीत, यंत्रं विचारलीत आणि जमिनीबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत. म्हणून उत्तर जरा लांबवतो. झुआरी आणि मांडवीच्या काठांवर मी जहाजं पाण्यात उतरवण्याचंच काम आयुष्यभर केलं आहे, आणि या कामात अडचण येते ती बहुतेक वेळा जमिनीखालून.

आधी ताकदीचा हिशेब उरकून टाकू. बार्ज ८०० टन, तिच्याखालच्या पोलादी तुळया आणि आधार धरून ८८० टन समजा. रुळांवरच्या पोलादी चाकांना वजनाच्या एक ते दोन टक्के ओढ पुरते. कडक, सपाट जमिनीवर रबरी टायरना दोन ते तीन टक्के लागते. टेफ्लॉनच्या पट्ट्यांवरून सरकवलं तर पाच ते दहा टक्के, आणि जागचं हलताना त्याहून थोडी जास्त. म्हणजे टायरवर तुमची बार्ज २५-२६ टनांच्या ओढीनं चालेल. चांगल्या दोन विंच (वायर गुंडाळून ओढणारी यंत्रं) हे काम करतात. नदीकडे पन्नासात एक असा उतार असेल, तर त्या उतारानंच १७-१८ टनांचा ढकल मिळतो. तिथे पुढून ओढण्यापेक्षा मागून धरून ठेवणारी विंच महत्त्वाची, कारण जमीन थोडी जास्त उतरती झाली की बार्ज स्वतःहून चालू लागते. उतारावर ब्रेकचा हिशेब ओढीच्या हिशेबाआधी करावा.

मोठी जहाजं जमिनीवरून नेण्यात आता नवल राहिलेलं नाही. इंग्लंडमध्ये बॅरो इथे अणुपाणबुड्या बंद शेडमध्ये पूर्ण बांधतात आणि रुळांवरून शिपलिफ्टपर्यंत, म्हणजे जहाज पाण्यात उतरवणाऱ्या प्रचंड लिफ्टपर्यंत, आणतात. तिथल्या शिपलिफ्टची क्षमता २४,३०० टन आहे. अमेरिकेत मोबाईल शहरातल्या ऑस्टल यार्डात १२७ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची युद्धनौका, सुमारे १,६०० टनांची, स्वयंचलित ट्रेलरवर तीन फूट उचलून शेडबाहेर काढत आणि थेट तराफ्यावर चढवत. ह्युंदाईनं २००४ मध्ये १,०५,००० टन वहनक्षमतेचा टँकर कोरड्या गोदीशिवाय, सरळ जमिनीवर बांधून पाण्यात नेला. आपल्याकडे वास्कोत गोवा शिपयार्डची ६,००० टनांची शिपलिफ्ट आहे. माझगाव डॉकनंही पाणबुड्या पाँटूनवर, म्हणजे बुडवता येणाऱ्या सपाट तराफ्यावर, चढवून पाण्यात सोडल्या आहेत.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. जहाज ज्या वाटेनं जातं ती वाट जहाजाच्याही आधी बांधलेली असते. खाली पाइल (जमिनीत खोल रोवलेले खांब), वर जाड काँक्रीट, आणि अंतर शक्य तितकं कमी. ऑस्टलचं जहाज शेडमधून तराफ्यापर्यंत जेमतेम सव्वाशे मीटर चालायचं. तुम्ही चारशे मीटर म्हणता, आणि तेही झुआरीच्या काठाकडे. तिथे वरून लाल, कोरडी, घट्ट दिसणारी जमीन खाली काय असेल हे डोळ्यांना कळत नाही.

आपल्या नद्यांच्या काठाला बहुतेक ठिकाणी खाजन आहे. बांध घालून, मानशी (पाण्याची ये-जा सांभाळणारी दारं) बसवून खाऱ्या पाण्यातून मिळवलेली शेतं. अशी जागा यार्डासाठी घेतात तेव्हा तिच्यावर चिऱ्यांचा चुरा, जांभ्याची माती किंवा खाणीवरचा टाकाऊ माल टाकून दोन-तीन मीटर भराव करतात. दोन पावसाळे गेले की भराव इतका बसतो की वरून डंपर धावतात आणि काही होत नाही. मग ठेकेदार प्लेट लोड टेस्ट करतो, एक-दोन फूट रुंदीची पोलादी पाटी दाबून बघतो, आकडा उत्तम येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

ही टेस्ट खोटी नसते, पण ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते. जमिनीवर ठेवलेल्या भाराचा परिणाम साधारण त्या भाराच्या रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत जाणवतो. दोन फुटांच्या पाटीला फक्त वरचा चार फूट भराव समजतो. शेजारी शेजारी चालणाऱ्या ट्रेलरच्या रांगांवर ८०० टनांचं जहाज असेल, तर त्या सगळ्या चाकांचा भार खाली गेल्यावर एकत्र होतो आणि दहा-पंधरा मीटर खोलपर्यंत पोहोचतो. म्हणजे थेट खाजनाच्या काळ्या चिखलापर्यंत. त्या चिखलाची सहनशक्ती चौरस मीटरला दोन-तीन टनांच्या पुढे क्वचितच जाते. डंपरला तो चिखल कळत नाही, जहाजाला कळतो.

एका यार्डात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. वाटेत कुठेतरी जुनी मानस होती. ती काढून पाण्याचा चर बुजवला होता, आणि जागेच्या नकाशावर त्याचा मागमूस नव्हता. पाटीची टेस्ट झालेली होती. जहाज अर्ध्या वाटेवर असताना ट्रेलरच्या एका गटाचा हायड्रॉलिक दाब हळूहळू उतरायला लागला. जमीन खचलेली डोळ्यांना दिसायच्या आधी गेजनं सांगितलं. ऑपरेटरनं तिथल्या तिथे थांबवलं, पोरांनी बाजूला तयार ठेवलेले ठोकळे घालून बार्ज खाली टेकवली, म्हणून ती वाचली. पुढे तो पट्टा उकरून, दगड भरून, पोलादी पाट्या पसरून काम पुरं झालं. गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आधी विचारलं असतं तर मानस कुठे होती ते त्यानं बोट दाखवून सांगितलं असतं. तेव्हापासून मी वाट ठरवण्यापूर्वी खाजनाच्या जुन्या भागधारकांना बरोबर घेऊन वाट चालतो. तुम्हीही चाला. विहिरी, चर, जुने बांध, सगळं विचारा. त्यानंतर वाटेवर खडक लागेपर्यंत बोअर घ्या, निदान तीन ठिकाणी, आणि त्यातलं एक नदीच्या अगदी जवळ.

आता जहाजाकडे येऊ. पाण्यात जहाजाला खालून सगळीकडून आधार असतो. जमिनीवर तो तुम्ही जिथे द्याल तिथेच मिळतो. आपल्या खनिजवाहू बार्जची रचना ध्यानात घ्या. इंजिन, पंप, राहायच्या खोल्या, व्हीलहाउस, सगळं मागे. मधे माल भरायची भलीमोठी उघडी हॉपर. पुढे जवळपास रिकामा नाळेचा भाग. म्हणजे वजन मागे एकवटलेलं आणि मधला भाग वरून उघडा. उघड्या हॉपरमुळे ही बार्ज पिळाला फार कमजोर असते. एक कोपरा दोन बोटं खाली गेला तर पूर्ण सांगाडा पिळला जातो, आणि हॉपरच्या कोपऱ्यांतल्या वेल्डिंगला तडे जातात.

त्यामुळे आधार कुठे द्यायचे हे ट्रेलरवाल्यावर सोडू नका. आडव्या बल्कहेडखाली (बार्जच्या आतल्या आडव्या भिंतींखाली) आणि लांबीच्या गर्डरखाली आधार हवेत. सांगाड्याच्या दोन फ्रेमच्या मधल्या नुसत्या पत्र्याखाली तुळई आली तर पातेल्याला पडतो तसा पोचा पडतो, आणि तो रंगाखाली झाकत नाही. बार्जच्या डिझाइनरकडून लांबीभर वजन कसं पसरलं आहे त्याचा आलेख मागून घ्या आणि ट्रेलरच्या चाकांची रचना त्या आलेखाप्रमाणे करा: मागे चाकं जास्त, पुढे कमी.

आणि वजन कागदावरून धरू नका. कागदावरचं वजन नेहमी कमी असतं. वेल्डिंगचा माल, रंग, टाक्यांत साठलेलं पावसाचं पाणी, आत विसरलेली परांची, कोपऱ्यात पडलेल्या पाइपा, हे सगळं ड्रॉइंगमध्ये नसतं. हलवण्यापूर्वी जॅकवर उचलून प्रत्यक्ष वजन आणि गुरुत्वमध्य दोन्ही मोजा. उलट युद्धनौकांबाबत लोक मोठ्या आकड्यानं घाबरतात. २३ जुलै २०२४ ला गोवा शिपयार्डनं 'त्रिपुट' पाण्यात उतरवली. ती १२४.८ मीटर लांब, विस्थापन सुमारे ३,६०० टन. पण हा आकडा इंधन, पाणी, दारूगोळा, माणसं भरलेल्या जहाजाचा असतो. पाण्यात उतरतानाचं वजन त्याहून बरंच कमी. हलवण्याच्या हिशेबात त्या दिवशीचं वजन धरायचं.

तुम्ही ज्यांना बहुचाकी ट्रेलर म्हणता त्यांचं नाव एसपीएमटी, म्हणजे स्वतःच्या इंजिनानं चालणारे, जोडता येणारे ट्रेलर. एका ट्रेलरला चार किंवा सहा ॲक्सल-ओळी, दर ओळीत चार टायर, दोन ओळींत १.४ मीटर अंतर, रुंदी २.४३ मीटर. प्रत्येक चाक हायड्रॉलिक सिलिंडरवर असतं आणि साधारण फूटभर वर आणि फूटभर खाली जाऊ शकतं, त्यामुळे रस्त्याचे उंचसखल भाग ते पिऊन टाकतं. चाकं कोणत्याही दिशेला वळतात, म्हणून ७० मीटरची बार्ज आडवी सरकवता येते, जागेवर फिरवताही येते. कागदावर एका ओळीची क्षमता बरीच जास्त असली तरी मी जहाजासाठी ओळीमागे २५ टनांच्या वर जात नाही. ८८० टनांना ३६ ओळी, म्हणजे सहा ओळींचे सहा ट्रेलर. ट्रेलरचं स्वतःचं वजन ओळीमागे सुमारे चार टन. एका ओळीखालची जमीन ३.४ चौरस मीटर आणि तिच्यावर २९ टन, म्हणजे चौरस मीटरला साडेआठ टन. हा आकडा वरच्या चिखलाच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. अस्सल जांभ्याचा कातळ हा भार सहज घेतो, खाजन घेत नाही.

हायड्रॉलिकची जोडणी तीन गटांत करा. गटातल्या सगळ्या चाकांवर सारखाच दाब राहतो, आणि तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू जमीन कितीही वाकडी असली तरी पिळली जात नाही. चार गट केले तर स्थिरता वाढते, पण पीळ बार्जमध्ये जातो. उघड्या हॉपरच्या बार्जला तीनच बरे. अट एवढीच की गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या चांगला आत असावा, काठाजवळ नव्हे. म्हणून वजन प्रत्यक्ष मोजण्याचा माझा आग्रह.

आता सर्वांत नाजूक भाग. बार्ज धक्क्यावर आली, पुढे काय? ट्रेलरवरून पाण्यात जाता येत नाही. पाण्यात बुडू शकणारा पाँटून धक्क्याला लावायचा, बार्ज त्याच्यावर चालवायची, खोल पाण्यात नेऊन पाँटून बुडवायचा आणि बार्ज तरंगू द्यायची. धक्क्यावरून पाँटूनवर चढताना पाँटूनचा डेक आणि धक्का सतत एका पातळीत हवेत, आणि इथे भरती आपली सोबती होते.

हिशेब मांडून दाखवतो. ८० मीटर लांब, २४ मीटर रुंद पाँटून एक सेंटिमीटर बुडायला साधारण १९.७ टन लागतात. ट्रेलरची एक ओळ, २९ टन, डेकवर आली की तो दीड सेंटिमीटर बुडतो. पूर्ण बार्ज ट्रेलरसकट १,०२४ टन, म्हणजे एकूण सुमारे ५२ सेंटिमीटर. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासाला पाणी सर्वांत वेगानं चढतं, तासाला फरकाच्या चौथ्या हिश्श्यानं, म्हणजे अर्ध्या मीटरनं. म्हणजे त्या एका तासात बार्ज चढवली तर ती पाँटूनला जितकं खाली दाबते, जवळपास तितकंच भरती त्याला वर उचलते. आपण पंपांनी करणार ते काम नदी करते. पंप तरी लागतातच, कारण वजन आधी एका टोकाला येतं आणि पाँटून तिकडे कलतो. म्हणून धक्क्याकडच्या टाक्या रिकाम्या करत आणि पलीकडच्या भरत जावं लागतं. पण पंपांवरचा ताण निम्म्याहून कमी होतो, आणि एखादा पंप बंद पडला तर विचार करायला वेळ मिळतो.

म्हणून दिवस पंचांग आणि भरतीचं कोष्टक बघून ठरतो, मालकाच्या सोयीनं नव्हे. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस. दोन भरत्या सारख्या नसतात, त्यातली मोठी निवडा, आणि जमल्यास दिवसाउजेडीची. चढायला सुरुवात करायची शेवटची वेळ आधी लिहून ठेवा. ती टळली तर त्या दिवशी चढायचं नाही, मग पाहुणे येऊन बसलेले असोत की नारळ फोडून झालेला असो. उशिरा निघालेलं जहाज अर्धं धक्क्यावर, अर्धं पाँटूनवर असताना पाणी उतरायला लागलं, तर मधोमध वाकायला त्याला फार वेळ लागत नाही.

पाँटून बुडवताना त्याचा डेक पाण्याखाली जातो त्या क्षणी त्याची स्थिरता एकदम घटते, कारण पाण्याच्या पातळीवर उरलेला त्याचा आडवा छेद लहान होतो. तिथे घाई नको. आणि खोलीही हवी: पाँटूनची उंची पाच मीटर, ठोकळे एक मीटर, बार्जचा रिकामा बुडाव दीड मीटर, म्हणजे आठ मीटर तरी. लोटलीजवळ ती मिळणार नाही, मुरगावच्या बाजूला मिळेल. सगळं ऑक्टोबर ते मे या काळातच. पावसात नदीला ओढ असते, आणि तुमचा चारशे मीटरचा रस्ता तर सगळ्यात आधी जातो.

एवढं वाचल्यावर खर्चाचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. ३६ ओळींचे ट्रेलर, पाँटून, टग, मजबूत रस्ता आणि धक्का. एका-दोन बार्जसाठी हे परवडत नाही. सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी, तिवरांचा प्रश्न आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्स या बंदर खात्याच्या अटी वेगळ्या. धक्का बांधायचा म्हटलं की या परवानग्यांना वर्ष लागू शकतं, हे धरून चाला.

आपल्या काठांवर याला एक साधा पर्याय आहे: एअरबॅग. चीनमध्ये १९८१ साली शांतुंग प्रांतातल्या जिनान इथे ६० टनी बार्ज रबरी फुग्यांवरून पाण्यात सोडली, तिथून ही पद्धत सुरू झाली. आता तिला आयएसओ १४४०९ हे प्रमाण आहे. दीड मीटर व्यासाची, बारा मीटर लांबीची बॅग ७० सेंटिमीटरपर्यंत दबली की तळाला तिचा सव्वा मीटर रुंद पट्टा टेकतो, म्हणजे १५ चौरस मीटर. आत चौरस मीटरला आठ टन दाब असेल तर एक बॅग १२० टन उचलते. ८०० टनांच्या बार्जला गणितानं सात बॅगा पुरतात, पण मी तेरा-चौदा तरी घालतो, आणि दोन जास्तीच्या तयार ठेवतो. भार सपाट पसरतो, पत्र्याला पोचा पडत नाही, आणि रेल, काँक्रीट काही लागत नाही.

मात्र बॅग जहाजाच्या निम्म्या वेगानं लोळते. जहाज दहा मीटर गेलं की बॅग पाचच मीटर जाते, मग मागून निघालेली बॅग उचलून पुढे घालत राहावी लागते. शेवटच्या पन्नास-साठ मीटरला ही पद्धत उत्तम, चारशे मीटरला माणसं थकवणारी, आणि थकलेला माणूस चूक करतो. वाटेवर वेल्डिंगचा एक टोकदार थेंब किंवा चिऱ्याची कड राहिली तर बॅग फुटते. फुटताना तिच्या टोकाशी कोणी उभं असू नये, आणि ताणलेल्या वायरच्या रेषेत तर कधीच नाही. वायर तुटली तर ती माणसाला दोन तुकडे करून जाते. माझ्या कामात हा एकच नियम मी कधी शिथिल केला नाही.

मराठ्यांच्या आरमारानं विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे वाघोटणच्या खाडीत खडक कोरून शंभर मीटरहून लांब गोदी केली होती. जहाज पाण्याकडे नेण्याऐवजी भरतीचं पाणी जहाजाकडे आणण्याचा तो मार्ग. खडक काठाला असेल तर आजही विचार करण्याजोगा आहे, पण खाजनात असं खणता येत नाही आणि खणू देणारही नाहीत.

तुमच्या जागी मी काय करीन ते सांगतो. चारशे मीटर आतल्या जागेत शेड घाला, पण तिथे पूर्ण बार्ज बांधू नका. ६०-७० टनांचे ब्लॉक बांधा, आतल्या पाइपा आणि रंगासकट. असा ब्लॉक साधा हायड्रॉलिक ट्रेलर नेतो आणि त्याला साधा, नीट दाबलेला चिऱ्याचा रस्ता पुरतो. काठावर ८० मीटर लांबीचा, विसात एक उताराचा पट्टा करा, त्याच्याखाली खडकापर्यंत दगड भरा किंवा पाइल टाका, तिथे ब्लॉक जोडा आणि उधाणाच्या भरतीला एअरबॅगवरून सोडा. जमिनीवरचा सगळा खर्च त्या ८० मीटरवर करा. ब्लॉक ऑक्टोबरात जोडायला घेतले तर एप्रिलच्या उधाणाला बार्ज पाण्यात जाऊ शकेल.

जागेचा करार करण्यापूर्वी काठावरच्या त्या पट्ट्यात एक बोअर घ्या आणि खडक किती खोल लागतो ते बघा. चार-पाच मीटरवर लागला तर जागा घ्या. पंधरा मीटर गेलं आणि अजून काळा चिखलच येत असेल, तर त्याच नदीवर दुसरा काठ शोधा.